धवलारणीच्या ताटातली गोळी

माझ्या बायकोला गाडी लागते. लहानपणापासून म्हणता येणार नाही, कारण लहानपणी तिच्या माहेरी गाडीच नव्हती. खाडीपलीकडचं गाव, येणं-जाणं होडीतून, नाहीतर खाराच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावरून पायी. होडीत ती भर वाऱ्यात बसलेली मी बघितली आहे, तिच्या पोटातलं पाणी हलायचं नाही. पण मोटारीत बसली, काचा वर गेल्या, एसीचा तो वास सुटला, की नागोठणं यायच्या आत तोंडाला पदर. आणि आमचा रस्ता कसा आहे ते इकडच्या माणसाला सांगायला नको. वर्षानुवर्षं तो होतोच आहे. आज इथून वळवलेला, उद्या तिथून, खड्डा चुकवायला जावं तर पुढं मोठा खड्डा. धडधाकट माणसाची आतडी वर येतात, तिचं काय घेऊन बसलात.

आम्ही कासूजवळच्या खारातले. मी मिठागरात फावडं मारलं, मग म्हातारपणापर्यंत शेती केली. शाळा चौथीत सुटली. त्यामुळं लिहिताना चुकलो तर चुकलो, पण लिहिणार. कारण तोंडानं सांगायला गेलो की घरातले बोलतात, बाबा ओरडू नका. कागदावर ओरडलेलं कुणाला ऐकू येत नाही.

माझी बायको धवलारीण आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या आगरी लोकांच्या लग्नात धवलारीण लागते. भटजी आला तर आला, पण धवलारीण नसेल तर मांडवाची पहिली मेढ रोवली जात नाही, हळद लागत नाही, नवरी घराबाहेर पडत नाही. प्रत्येक कामाचा वेगळा धवला. ती तो गात जाते आणि माणसं तसं करत जातात. हळदीच्या धवल्यात आधी देवांना बोलवायचं, गावदेवीला बोलवायचं, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं, की या, तुमच्या नातवंडाला हळद लागते आहे. एक नाव गळलं तरी त्या घरात वर्षभर बोलणी होतात. आणि सुरू केलेला धवला मध्ये तुटता कामा नये. हे सगळं कुठं लिहिलेलं नाही. माझ्या आईकडून तिनं घेतलं, भात कांडता कांडता. आईला कुणाचं कौतुक करायची सवय नव्हती. तिनं सुद्धा मरायच्या आधी एकदा म्हटलं होतं, हिच्या डोक्यात माझ्यापेक्षा जास्त राहतं.

पूर्वी ती लग्नांना चालत जायची. आता लोकांनी घरं बांधली, गाड्या घेतल्या, आणि धवलारणीला दारातून गाडीनं नेणं हा यजमानाचा मोठेपणा झाला. ती बोलायची, मी रेल्वेनं येते, मला रेल्वेत कमी त्रास होतो. तर बोलायचे, "छे गो आजी, लोकं काय बोलतील? गाडी पाठवतो ना." एका लग्नात असंच कुणीतरी पांढरी नवी गाडी पाठवली. तिनं ड्रायव्हरला सांगितलं, बाबा जरा थांब. तो थांबला नाही, उशीर होतोय बोलला. मग ती सीटवरच ओकली. त्यावर तो माणूस तिला काय काय बोलला ते ती मला सांगतसुद्धा नव्हती. मी खोदून खोदून काढलं.

पुढच्या यजमानानं शहाणपणा केला. ड्रायव्हरजवळ गोळ्यांची पट्टी दिली. छोटी पांढरी गोळी, पेणमध्ये कुठल्याही मेडिकलात मिळते, चिठ्ठीबिठ्ठी कोण विचारत नाही. "आजी, ही घ्या, आरामात जाल." खोटं कशाला बोलू, ओकारी थांबली. ती आरामात गेली. झोपून गेली म्हणा.

मग ही गोष्ट आमच्या लोकांत पसरली, की धवलारीण बायला गोळी द्यावी लागते. आणि आमची माणसं कशी, एखादी गोष्ट द्यावी लागते म्हटलं की ती मानाची होते. धवलारणीला बसवायच्या आधी मानाचं ताट येतं. साडी, नारळ, विडा. त्या ताटात विड्याच्या शेजारी गोळी आली. कात्रीनं पट्टीचा तुकडा कापून, कुंकवाचं बोट लावून. मी डोळ्यांनी बघितलं आहे. आणि मुलाकडच्यांनी दिली म्हटल्यावर मुलीकडचे मागं राहणार आहेत काय? त्यांच्याही ताटात गोळी. विडा मांडवातच खायचा असतो, पदराला बांधून घरी आणला तर यजमानाचा अपमान. मग गोळीचंही तेच झालं. समोर उभं राहून खायला लावायचे.

जिते गावातल्या एका लग्नात मी तिच्याबरोबर होतो. नवऱ्या मुलाची आई ताट घेऊन आली.

"खा गो बाय, मानाची हाय."

"अगो, आत्ताच गाडीत खाल्ली ना. तुमच्या डायवरनी दिली."

"ती डायवरची. ही आमची."

बायका हसल्या, ही पण हसली आणि गिळली. लग्नाचा हंगाम आला की असं दर दोन-चार दिवसांनी. जाताना एक, मांडवात एक, दुसऱ्या मांडवात एक, येताना एक. एकीचा अंमल उतरायच्या आत दुसरी पोटात.

माझ्या लक्षात काय यायला लागलं ते सांगतो. पहिलं म्हणजे पाणी. धवला गाताना ती कधी पाणी मागत नसे. आता दर थोड्या वेळानं पाणी दे, पाणी दे. जीभ टाळूला चिकटलेली, ओठ पांढरे. आवाज फाटायचा. मग झोप. मांडवाच्या मेढीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायचे. घरी आल्यावर सुईत दोरा जाईना. बोलायची दोन दोरे दिसतात. मग स्वयंपाकात घोटाळे. आम्ही मिठाच्या धंद्यातली माणसं, आमच्या घरात कालवणात मीठ नाही असं कधी झालं नव्हतं. एक दिवस झालं, दुसऱ्या दिवशी तेच मीठ दोनदा पडलं. एकच गोष्ट परत परत विचारायची. धाकटा कधी येणार? आज शिफ्ट कुठली? मुलगा रोह्याच्या कंपनीत आहे, तो दमून आलेला असायचा. तो बोलला, "बाबा, आयस म्हातारी झाली. होतं असं."

मी बोललो, "मी तिच्यापेक्षा म्हातारा हाय. मला का नाय होत?"

"तुमचं वेगळं," तो बोलला आणि जेवायला बसला.

मग ते जित्याचंच लग्न. त्याच संध्याकाळी, ती दुसरी गोळी खाल्ल्यावर. हळदीचा धवला चालला होता, देव झाले, गावदेवी झाली, घरातले गेलेले सुरू झाले. नवऱ्याचा आजा, आजी, मोठा चुलता. आणि पुढचं नाव तिनं घेतलं ते नवऱ्याच्या मामाचं. मामा समोर खुर्चीत बसलेला. टोपी घालून, हातात सरबताचा ग्लास.

"अगो, मी हाय अजून!" तो ओरडला.

पोरं फिदीफिदी हसली. मामाची बायको हसली नाही. ती उठून आत गेली आणि आतून रडण्याचा आवाज यायला लागला. जिवंत माणसाला मेलेल्यांत बोलावलं, केवढा अपशकुन. माझी बायको थांबली. धवला तुटला. तिनं इकडंतिकडं बघितलं, कुठं बसली आहे तेच कळेना तिला. दुसऱ्या एका बाईनं कसंबसं पुढं रेटलं. जेवणाच्या पंगतीत मागं कुणीतरी बोललं, "आता बस झालं म्हातारीचं. मान देऊन घरी बसवा." ते मी ऐकलं. बोलणारा कोण तेही बघितलं. अजून त्याच्याशी बोलत नाही.

मुलानं पेणला एका खाजगी डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं तिला विचारलं, आज वार कुठला. ती बोलली, मला काय करायचंय वाराशी, मासळीवाली आली नाय म्हणजे सोमवार असेल. ते खरं होतं, सोमवारच होता. पण डॉक्टर मुलाकडं बघून बोलला, वय झालं, मेंदू सुकत जातो, ही आठवणीची गोळी चालू ठेवा. अजून एक गोळी. कुठल्या गोळ्या घेता, हे एका शब्दानं विचारलं नाही. मी विचारायला लागलो तर बोलला, बाबा, बाहेर पेशंट आहेत. आम्ही काय मग, बाजारात भाजी घ्यायला आलो होतो?

घरी आल्यावर तिनं ते मानलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. जी बाई माझं एक ऐकत नाही, तिनं त्या माणसाचं लगेच ऐकलं. "झालं माझं," बोलली.

त्याच सुमारास तिचा भाचा आला. तिच्या भावानं रोह्याच्या बाजूला घर बांधलेलं. भाऊ गेल्या पावसाळ्यात गेला. त्याच्या नातीचं लग्न ठरलं होतं. हा भाचा म्हणजे नवरीचा बाप. पोरगा वाईट नाही, पण सगळ्या गोष्टींवर त्याच्याकडं मशीन असतं. चहा पिता पिता मोबाइल काढला.

"आत्या, तुझा आवाज हाय माझ्याकडं. दोन वर्षामागं आमच्याकडं हळद होती तवा रेकॉर्ड केलेला. एकदम क्लियर. तू नुसती बस. तुला साडी, मान सगळा. आवाज आपण स्पीकरवर लावू. तुला त्रास नको."

त्यानं लावून दाखवला. चांगला होता आवाज. त्यातली ती, आणि माझ्या समोर सुकलेल्या ओठांनी बसलेली ती, दोन बाया वाटत होत्या.

मी बोललो, "त्यात तुझ्या बापाचं नाव हाय काय?"

त्यानं मोबाइल बंद केला. दोन वर्षांपूर्वी त्याचा बाप जिवंत होता. मांडवात बसून विड्या ओढत होता. मेलेल्यांत त्याचं नाव कुठून येणार?

"तेवढं मी माईकवरून बोलेन, आतोबा," तो बोलला.

"तू बोलशील? बापाला बोलवायचं ते त्याच्या बहिणीनं, धवल्यात. आणि तू माईकवरून अनाउन्समेंट करणार? गाडी सुटल्यासारखी?"

माझा आवाज चढला. मुलगा बोलला, बाबा ओरडू नका. आणि बायको बोलली, "बरं. लाव तू." मान खाली घालून. मी उठून बांधावर निघून गेलो.

लग्नाच्या बरेच दिवस आधी, मांडवाचं ठरवायला म्हणून भाच्यानं आम्हाला दोन दिवस रोह्याला नेलं. अर्थात गाडी पाठवून आणि अर्थात गोळी देऊन. पोचल्यावर त्याच्या बायकोनं आत्या आली म्हणून ओवाळलं आणि ताटात दुसरी. दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाकडची माणसं आली, तिसरी त्यांची. त्या दुपारी बायको ओटीपोट धरून कोपऱ्यात बसली. काय झालं सांगेना. शेवटी माझ्या कानात बोलली, सकाळपासून लघवी होत नाय. बाईमाणूस, परक्या घरात, कुणाला सांगणार? मी रिक्षा आणली आणि सरकारी दवाखान्यात नेली. कुणाला विचारलं नाही.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आधी नळी घालून लघवी काढली. बायकोच्या जिवात जीव आला. मग डॉक्टरणीनं मला बोलावलं आणि विचारलं, "बाबा, आजी काय काय गोळ्या घेतात?"

हा प्रश्न इतके महिने कुणी विचारला नव्हता. मी बायकोचा बटवा उलटा केला. सुपारी, चुना, आणि पट्टीचे कापलेले रिकामे तुकडे. कुंकू लागलेले. डॉक्टरीण ते तुकडे बघत बसली.

"यावर कुंकू कसं?"

मी सांगितलं. तिला हसू आवरेना, आणि मग एकदम तिचा चेहरा बदलला.

मी बोललो, मला समजावून सांगा. मी शिकलेला नाय पन मठ्ठ नाय. घाई करू नका. तिनं घाई केली नाही. जे कळलं ते लिहितो.

गोळीचं नाव प्रोमेथाझिन. ही मुळात सर्दी-खाजेच्या गोळ्यांच्या जातीची. आपल्या अंगात हिस्टामिन म्हणून एक पदार्थ असतो. गांधीलमाशी चावल्यावर सूज येते, खाज सुटते, ती त्याच्यामुळं. पण तोच पदार्थ मेंदूत माणसाला जागं ठेवतो. आणि गाडी लागते तेव्हा काय होतं, कान सांगतो आपण हलतोय, आणि बंद गाडीत डोळ्याला समोरची सीट दिसते, ती सांगते आपण बसलोय. या भांडणाची खबर मेंदूत ओकारीच्या जागेपर्यंत पोचवण्यातही हिस्टामिनचा हात असतो. ही गोळी काय करते, हिस्टामिननं जिथं बसायचं त्या जागेवर आधी जाऊन बसते. खबर पोचत नाही, ओकारी होत नाही. पण जागं ठेवण्याचं कामही बंद पडतं. नव्या जातीच्या सर्दीच्या गोळ्या मेंदूत फारशा शिरत नाहीत, म्हणून त्यांनी झोप कमी येते, आणि गाडी लागण्यावर त्या चालतही नाहीत. ही जुनी जात मेंदूत शिरते. ओकारी थांबवणं आणि झोपवणं एकाच दारातून.

इथपर्यंत ठीक. पण ही गोळी तेवढ्यावर थांबत नाही. अंगात अॅसिटिलकोलिन म्हणून दुसरा एक पदार्थ आहे. हे नाव मी तिच्याकडून परत परत म्हणवून घेतलं. तोंडाला लाळ सुटते ती त्याच्यामुळं, मूत्राशय आवळून लघवी बाहेर पडते ती त्याच्यामुळं, डोळा जवळचं बघायला वळतो तो त्याच्यामुळं, आणि नवीन-जुनं आठवतं तेही बरंचसं त्याच्यामुळं. गोळी त्याच्याही जागा अडवते. मी एकेक ऐकत गेलो आणि माझ्या डोळ्यांसमोर एकेक यायला लागलं. पाणी दे, पाणी दे. दोन दोरे. मीठ. जित्याचा मामा.

"तरण्या माणसाला एक गोळी म्हणजे एक झोप," ती बोलली. "आजींच्या वयात यकृत हळू चालतं, औषध लवकर बाहेर पडत नाही. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊच नये, दिली तर अर्धी, आणि निघायच्या तास-दोन तास आधी. आणि मला एक सांगा बाबा, मांडवात पोचल्यावर गोळी कशाला? मांडव हलतो का?"

मला त्या वेळी हसू आलं नाही. मी विचारलं, डोकं परत येईल काय तिचं?

"गोळी बंद करा. काही दिवसांत बराच फरक पडेल. सगळा पडेल असं मी सांगणार नाही. वयाचं जे असेल ते राहील. आणि आठवणीची म्हणून दिलेली ती गोळी दाखवा मला." ती बघून बोलली, एक गोळी दार लावते आणि दुसरी तेच दार ढकलते. तीही तिनं सध्या बंद केली.

परत आल्यावर मी पेणला एका मेडिकलवाल्याकडं गेलो. तो माझ्या ओळखीचा, त्याच्या बापाला मी मीठ पोचवलेलं.

"ही गोळी म्हाताऱ्या माणसाला देऊ नये, तुला ठाऊक हाय काय?"

"काका, लोक मागतात, मी देतो. लग्नात आजकाल सगळेच नेतात. मला काय ठाऊक कोण खातंय?"

"विचार ना."

"विचारत बसलो तर समोरच्या दुकानात जातात."

मी काउंटरवर हात आपटला. गल्ल्यावरचा गणपती हलला. माणसं बघायला लागली. त्यानं मला थंड पाणी दिलं, मी प्यायलो नाही.

तेव्हापासून माझा राग कुणावर आहे ते मला नीट सांगता येत नाही. मेडिकलवाल्यावर आहे, पेणच्या डॉक्टरवर आहे. पण सगळ्यात जास्त गाडीवाल्यांवर आहे. ओकारीनं माणूस मरत नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची, बाईनं ओकायचं, चूळ भरायची, वारा घ्यायचा, परत बसायचं. एवढा वेळ कुणाकडं नव्हता. ती गोळी तिच्या पोटासाठी दिलेलीच नव्हती. नव्या सीटवर डाग पडू नये म्हणून दिलेली. सीटकव्हर वाचवायला माझ्या बायकोचं डोकं पुसलं, आणि वर तिलाच म्हातारी म्हणाले.

गोळी बंद झाल्यावर पहिले काही दिवस फरक दिसला नाही. मग एक दिवस तिनं मलाच झापलं, विळा कुठं ठेवलात, नेहमीच्या जागी का ठेवत नाय. मला एवढा आनंद झाला की मी उलट बोललो नाही. मग निवडत, पाखडत ती गुणगुणायला लागली. मी ओटीवरून ऐकायचो. कुठं अडली की परत मागं जायची. मी मध्ये बोलायचो नाही. मला धवले येत नाहीत, तो बायकांचा प्रांत. पण इतकी वर्षं ऐकून कुठं वाट चुकली ते कळतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी तिनं स्वतः भाच्याला फोन लावला. "गाडी पाठवू नको. आमी रेल्वेनं येतो. आणि ते तुझं रेकॉर्ड लावू नको. मी गाणार."

तिकडून तो काहीतरी बोलला.

"लोकं बोलू दे काय बोलतात ते," ही बोलली.

कासूला रेल्वेत बसलो. खिडकी मिळाली, ती लांब डोंगराकडं बघत बसली, पोट शांत. रोह्याला उतरून रिक्षा केली, तिथं मात्र वळणांवर तिला यायला लागलं. मी रिक्षावाल्याला आधीच सांगितलेलं, ही थांब म्हणेल तिथं थांबायचं. दोनदा थांबला. ती खाली उतरून ओकली, मी पाठीवर हात फिरवला, बाटलीतल्या पाण्यानं तिनं चूळ भरली. रिक्षावाला पोरगा बोलला, "आजी, गोळी घ्यायची ना." मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं रिक्षा चालू केली.

मांडवात भाच्यानं स्पीकर मांडूनच ठेवले होते. मला बघून बोलला, "आतोबा, नुसते सेफ्टीसाठी." माझा मुलगाही शिफ्ट बदलून आला होता, तो बोलला, राहू दे बाबा, लागले तर. मी खुर्ची उचलली आणि स्पीकरच्या वायरीशेजारी जाऊन बसलो.

ताट आलं. साडी, नारळ, विडा, आणि गोळी. भाच्याची बायको बिचारी आग्रहानं बोलली, "आत्या, घ्या ना, मानाची."

माझी बायको सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "ही खाल्ली की माझी जीभ सुकते आणि मी माणसं विसरते. तुला धवला पायजे का गोळी? एक काय ते बोल."

भाच्याच्या बायकोनं गोळी उचलून आपल्या पदराला बांधली. मुलाकडच्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. त्यांच्या ताटातली केव्हा नाहीशी झाली ते कुणाला कळलं नाही.

मग हळद. आवाज पहिल्यासारखा नव्हता, कुठं कुठं चिरकत होता. पण जीभ मोकळी होती. देव झाले. गावदेवी झाली. एका जागी एक ओळ मागंपुढं झाली, ती तिनं तशीच ओढून नेली. माझ्याशिवाय कुणाला कळली असेल असं वाटत नाही. मग घरातले गेलेले सुरू झाले. नवरीचा खापरपणजा, पणजा, पणजी. पुढचं नाव तिच्या भावाचं. पहिल्यांदाच मेलेल्यांत घ्यायचं होतं.

ती थांबली.

कुणीतरी खोकलं. भाच्याचा हात मोबाइलवर गेलेला मी बघितला. मी वायर मुठीत धरली आणि त्याच्याकडं नुसतं बघत राहिलो. माझा मुलगा मान खाली घालून उभा. मागून एक बाई हळूच बोलली, विसरली गो परत. माझ्या तोंडात शिवी आलेली, ती मी गिळली. कारण आता ओरडलो तर धवला मीच तोडला असता.

बायको समोर हळदीच्या वाटीकडं बघत होती. विसरली होती की तिच्यानं बोलवत नव्हतं, ते मला ठाऊक नाही. मी नंतरही विचारलेलं नाही, विचारणार नाही. मला एवढंच हवं होतं की कुणी घाई करू नये. आणि त्या दिवशी, माझ्या हातातल्या वायरीमुळं म्हणा, तिच्या बोलण्यामुळं म्हणा, कुणी केली नाही.

मग तिनं भावाला बोलावलं. पूर्ण नाव घेऊन, बापाच्या नावासकट, सुरात. भाच्यानं मोबाइल खिशात टाकला आणि तोंड फिरवलं. ती थांबली नाही, पुढच्या नावाकडं गेली, आणि बायांनी नवरीला हळद लावायला घेतली.